भोईरकाकांचं वाळवंट

भोईरकाका मुळ्याच्या वाफ्यात उभे राहून अंघोळ करत. लपूनछपून नाही, चांगले उघड्यावर, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. एक तांब्या डाव्या खांद्यावर, एक उजव्या खांद्यावर, मग हळूच सरकून शेजारच्या वाफ्यात. पाठीचं पाणी मेथीला, पोटाचं मुळ्याला, अशी वाटणी ठरलेली. मेथी आणि मुळा अजून उगवायचे होते, पण त्यांच्या वाट्याचं पाणी त्यांना मिळायलाच हवं होतं. साबणाचा वार शुक्रवार. त्या दिवशी अंघोळ केळीच्या बुंध्याशी. केळीला साबण चालतो, मेथीला चालत नाही, असं त्यांचं शास्त्र.

हे गाव वाळवंटात असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण हे अंबरनाथ. इथं पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, काडेपेटी उशीखाली घेऊन झोपावं लागतं आणि बारवी धरण भरल्याची बातमी येईपर्यंत आमच्या स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंतही भरून वाहत असते. अशा गावात, भाद्रपदात, हा गृहस्थ अंगावरचा थेंब वाया जाऊ नये म्हणून वाफ्यात उभा. अंघोळ चालू असताना सर आली तर काका घरात जाऊन छत्री घेऊन येत आणि छत्रीखाली उरलेली अंघोळ उरकत.

मी एकदा वरून विचारलं, "काका, छत्री कशाला?"

"मास्तर, वरून पण पानी, खालून पण पानी, मग मुळ्याला किती गेलं ते मला कसं कळणार?"

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवत होतो, म्हणून मी मास्तर. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. आमची इमारत पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि तिच्या मागे भोईरांचं बैठं घर. घरामागे तुळशीवृंदावन, एक केळ, एक शेवगा आणि बऱ्यापैकी मोकळी जागा.

काका आखातातल्या वाळवंटात, तेलाच्या एका छावणीत पाईपफिटर होते. तरणेपणी गेले ते केस पांढरे झाल्यावर परतले. अंगाने सुकलेल्या शेंगेसारखे, डोक्याला चौकड्यांचा रुमाल, आणि तोंडात तिकडचे दोन शब्द कायम. अडचण आली की "माफी मुश्किल", म्हणजे काही हरकत नाही. कुणी घाई केली की "श्वैश्वै", म्हणजे हळूहळू. रिक्षावाल्याला श्वैश्वै, डॉक्टरला श्वैश्वै, आणि एकदा आरती फार जलद चालली म्हणून भटजींनासुद्धा श्वैश्वै.

इतकी वर्षं ते सुट्टीवर यायचे, महिनाभर राहायचे, जायचे. मधल्या काळात यमुनावहिनींनी घर बांधलं, विहीर उपसली, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलगी मंदाचं लग्न करून तिला बदलापूरला धाडली. आता काका कायमचे आले होते, पण घराला ते समजलं नव्हतं. वहिनी त्यांना अजून पाहुण्यासारखं वागवत. चहा बशी झाकून, जेवायला पाट, पाटाला रांगोळी तेवढी राहिलेली. काकांनी दळणाचा डबा उचलला की वहिनी तो हातातून काढून घेत. "तुम्ही बसा. दमून आलाव." माणूस सहा महिन्यांपूर्वी आला होता आणि अजून दमलेला होता. गल्लीत भेटणारा प्रत्येक जण विचारी, "मग, निघणार कधी?"

शेवटी गणपतीत काकांनी, माझ्यादेखत, तोंड उघडलं.

"यमुने, यंदा भोगीची भाजी माझ्या हातची. वांगी, गाजर, वाल, ओला हरभरा, सगळं मागच्या अंगणातलं. बाजारातून एक शेंग आणायची नाय."

वहिनी मोदकाच्या कळ्या पाडत होत्या. "आणि नाय आलं काय तर?"

"तर मी जातो परत. कंपनी बोलवतेच आहे, संक्रांतीनंतर नवीन माणसं घेतायत. इथं नुसता बसून काय करू? घराला माझं कायतरी होऊ दे, नायतर मला जाऊ दे."

माझ्या हातातला चहा थांबला. वहिनींच्या बोटांनी पुढची कळी पाडली.

"मना काय," त्या म्हणाल्या, "ऱ्हावा नायतर जावा. मोदक खावा."

आता तुम्ही म्हणाल, अंगणात चार भाज्या लावायच्या, त्यात एवढं काय? पण काकांना भाजी लावता यायची ती वाळवंटातली. ती कशी शिकले, ते त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मला छावणीतला रस्ता पाठ आहे.

पहिल्या वर्षी छावणीत सगळं डब्यातलं. डब्यातला वाटाणा, डब्यातलं गाजर, डब्यातला मासा. काकांनी जाताना मेथीचं आणि मुळ्याचं बी रुमालात बांधून नेलं होतं. भट्टीसारखा उन्हाळा जरा ओसरल्यावर पत्र्याच्या खोल्यांमागे त्यांनी वाफे केले. कसे? तर बदलापूरकडे आजोबा करत तसे. उंच वरंबे, मध्ये चर, म्हणजे पावसाचं पाणी साचायला नको. पावसाचं पाणी. त्या मुलखात. वरंबे वाऱ्याने दुपारपर्यंत सपाट झाले आणि बी शेजारच्या देशात गेलं.

छावणीचा म्हातारा रखवालदार हसून हसून खाली बसला. मग त्याने हाताने खूण केली, वर नाही, खाली. गुडघाभर खड्डा घे. तळाला पुठ्ठ्याची खोकी घाल, त्यावर उंटाचं शेण आणि स्वयंपाकघरातला कचरा, मग वाळू. म्हणजे पाणी दिलं की पळायचं नाही. वर खजुराच्या झावळ्यांची सावली कर. आणि घाई करू नको. पहाटे दक्षिणेला सुहैल नावाचा तारा दिसू लागला, की जमीन निवायला लागली असं समज. आधी मुळा नि मेथी, रात्री गार व्हायला लागल्यावर बाकीचं. पाणी कुठलं? काकांनी सगळ्या खोल्यांच्या एसींचं ठिबकणारं पाणी नळीनळीने गोळा करून खड्ड्यात सोडलं. "मास्तर, साहेब लोकांनी थंड व्हायचं, आणि त्याच्यावर माझी मेथी." पहिली जुडी निघाली तेव्हा म्हणे छावणीतले लोक चिमूटचिमूट वाटून घेऊन नुसती कच्ची खात होते.

तर ही विद्या घेऊन काका अंबरनाथच्या काळ्या चिकट मातीत उतरले.

आधी तारा शोधला. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. काका पहाटे आमच्या गच्चीवर चढून दक्षिणेकडे टक लावून उभे राहू लागले. भाद्रपदात अंबरनाथच्या आभाळात तारा सोडा, चंद्र दिसायची मारामार. दक्षिणेला होती ती समोरच्या इमारतीतल्या करमरकरांची न्हाणी. करमरकर तक्रार घेऊन आले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुमचं मी काय बघणार? मी ताऱ्याला बघतोय." करमरकरांना हे जास्त लागलं, असं माझी बायको सुनंदा अजून म्हणते.

मग बी आणि सावलीचं कापड आणायला काका माझ्याबरोबर उल्हासनगरला आले. सिंधी परसरामशेठचं दुकान म्हणजे सुतळीपासून फवाऱ्यापर्यंत सगळं. काकांनी गल्ल्यावर हात टेकून विचारलं, "शेठ, गरम हवेत, वाळूत टिकेल असं बी आहे काय?"

परसरामशेठने चष्मा कपाळावर नेला. "साईं, रेगिस्तान तो हमारे बाबा लोग पीछे छोडके आए. तुम इधर वापस काय को लाते?"

"सवय आहे, शेठ."

"सवय की दवा नहीं रखता मैं. वांगी का बी है, गाजर का है, वाल का है. ले जाव." आणि सावलीसाठी त्यांनी शेजारच्या कारखान्यातून जीन्सच्या कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं जवळजवळ फुकट मिळवून दिलं. त्या काळात उल्हासनगरात घरोघरी जीन्स शिवली जात होती आणि चिंध्यांचे डोंगर साचले होते. काकांनी दाभणाने त्या चिंध्या जोडून एक प्रचंड निळं छत शिवलं. त्यात सोळा खिसे होते. ते त्यांनी काढले नाहीत. हत्यारं ठेवायला सोयीचे, म्हणाले.

खड्डे झाले. गुडघाभर. तळाला टीव्हीची नि फ्रिजची खोकी, वर शेण, वर माती. बांबूंवर निळं छत ताणलं. वहिनी मागच्या दारात भाजी निवडत बसून सगळं पाहत होत्या.

"कोनाला पुरताव?" त्यांनी विचारलं.

"भाज्या लावतोय."

"लावताव का गाडताव, त्ये विचारलं."

"श्वैश्वै, यमुने. माफी मुश्किल."

वहिनी माझ्याकडे वर पाहून म्हणाल्या, "भावजी, जमलं तर तुम्ही तरी सांगा. नवरात्रात पानी येतंय का नाय?"

मी सांगितलं. करमरकरांनीही, राग गिळून, सांगितलं. परतीचा पाऊस आहे काका, जाता जाता सगळं धुऊन जातो. काका म्हणाले, "सावली आहे ना वर." आपल्या कापडावर माणसाचा एवढा विश्वास मी पाहिला नाही.

मुळा उगवला. मेथीची दोन पानं आली. काकांची छाती फुगली. आणि घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. असा आला की समोरचा शेवगा दिसेना. संध्याकाळी उघडीप झाल्यावर आम्ही सगळे गॅलरीत जमलो. खाली वाफ्यांच्या जागी तळी होती. आणि तळी निळी होती, अगदी नीळ घातल्यासारखी. छताचा सगळा रंग उतरून खाली आला होता. फ्रिजचं एक खोकं वर येऊन तरंगत होतं आणि त्यावर एक बेडूक, आपल्या मालकीच्या बोटीत बसावं तसा. सोळाही खिसे पाण्याने टम्म फुगले होते.

इमारत हसली. मी हसलो. सुनंदा खांबाला धरून हसली. काका मधोमध उभे होते, पाण्यात, पिंढऱ्यांपर्यंत निळे. त्यांनी वाकून एक मुळ्याचं रोप उचललं, बोटांनी पुसलं, आणि एकदम तेही हसायला लागले.

"मास्तर," ते ओरडून म्हणाले, "तिकडं वरंबे केले, इकडं खड्डे. मी असतो एका गावात नि फावडं असतं दुसऱ्या गावात."

हसणं थांबलं ते वहिनींमुळे. त्या दारात उभ्या होत्या आणि त्या एकट्याच हसत नव्हत्या. "आत या," त्या म्हणाल्या. "पाय धुवा. रंग लागंल लादीला." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर माळ्यावरची मोठी बॅग ओटीवर उन्हात ठेवलेली होती. काकांनी ती काढली होती, हवा लागायला म्हणून. वहिनी येता-जाता तिच्याभोवतीने वळसा घेत होत्या.

दसऱ्यानंतर काकांनी पुन्हा फावडं घेतलं. या वेळी आजोबांचे वरंबे. उंच, देखणे, मध्ये चर. छत उतरवून त्याचं त्यांनी केळीभोवती कुंपण केलं. वाफ्यातली अंघोळही बंद केली, कारण जमीन चिंब होती आणि मुळा म्हणे त्यांच्याकडे संशयाने बघत होता. गाजर, वाल, हरभरा पेरला. वांग्याची रोपं आधी कुंडीत करून मग लावली.

आणि बघता बघता बाग आली. कार्तिकात मेथी अशी आली की आमच्या घरी आठवड्यातून किती वेळा मेथी झाली हे मी सांगणार नाही, सुनंदा अजून त्या विषयावर बोलत नाही. मुळे एवढे झाले की करमरकरांनी एक मुळा आडवा धरून जिना चढायचा प्रयत्न केला आणि वळणावर अडकले. वालाचा वेल शेवग्यावर चढला. गाजरं मात्र आमच्या चिकट मातीत पाय फुटून आली. कुणाला दोन पाय, कुणाला तीन, एक तर फुगडी घालत असल्यासारखं. काका ते घरोघर दाखवायला घेऊन गेले. संध्याकाळी शेजारीपाजारी वाफ्यांच्या कडेला उभे राहून गप्पा मारू लागले. "निघणार कधी" हे विचारायचं लोक हळूहळू विसरले. आता विचारत, "काका, वाल कधी?"

फक्त वांगी येत नव्हती.

झाडं छान होती. पानं तळहाताएवढी. मार्गशीर्ष संपता संपता जांभळी फुलं आली. पण फूल यायचं आणि गळायचं. पाऊस लांबला, लावणी उशिरा झाली, त्याला झाड काय करणार? काका रोज सकाळी वाकून एकेक फूल बघत. पौष लागला. त्यांचं श्वैश्वै कमी झालं. माफी मुश्किल तर मी कित्येक दिवस ऐकलंच नाही.

"काका," मी म्हटलं, "एक वांगं नसलं म्हणून काय होतंय? बाकी सगळं आहे की."

"वांग्याशिवाय भोगी? मास्तर, उद्या तुम्ही बोलाल नवऱ्याशिवाय लग्न." ते मातीत बघत राहिले. "बोललो ते बोललो. सगळं माझ्या हातचं, नायतर जाणार. बायकोसमोर शब्द दिलाय, मागे घेतला तर घरात होतो त्याहून कमी होईन."

"वहिनी काय म्हणतायत?"

"काय बोलणार? जावा नायतर ऱ्हावा."

भोगीच्या आदल्या संध्याकाळी मंदा बदलापूरहून आली. तिने ओटीवरून विचारलं, "बाबा, वांगी धरली?" काका म्हणाले, "सकाळी बघू."

सकाळी उजाडताच मी दूध घ्यायला उठलो. गॅलरीत गेलो आणि जागच्या जागी खाली बसलो, कारण खाली यमुनावहिनी होत्या. डोक्यावर पदर, तोंडात दोऱ्याचा तुकडा, कमरेला पिशवी. पिशवीतून एक वांगं काढायच्या, झाडाच्या फांदीला लावून बघायच्या, लांब जाऊन मान तिरकी करून पाहायच्या, पसंत पडलं नाही की दुसरी फांदी. वांगी बांधणं म्हणजे दागिने घालणं नव्हे, पण वहिनींनी त्या झाडांना नवरीसारखं सजवलं. एक वांगं फारच वजनदार निघालं, फांदी वाकायला लागली. त्यांनी ते खालच्या पानाआड टेकवून ठेवलं, वरून पान सारखं केलं, हात झटकले आणि आत गेल्या. जाताना कडी हळूच लावली.

मी दूध विसरलो. सुनंदाला उठवलं. आम्ही दोघं कठड्याच्या आड.

काका बाहेर आले. हातात विळा, खांद्यावर टोपली. मागून मंदा आणि तिच्यामागे वहिनी, तोंडावर झोप आणून. आधी वाल तोडला. मग हरभऱ्याचे डहाळे उपटले, गाजरं काढली. मग वांग्यांपाशी गेले आणि थांबले.

किती वेळ थांबले मला सांगता येणार नाही. आमच्या इमारतीत कुणाचा तरी नळ वाहत होता, तो मला ऐकू येत होता.

"यमुने," ते म्हणाले. "वांगी धरली की."

"धरतील नाय तर काय," वहिनी म्हणाल्या. "यवडं शेन घातलंव."

काकांनी वाकून एकेक वांगं काढलं. पाठ आमच्याकडे होती. देठाशी बोटं अंमळ जास्त घोटाळत होती. प्रत्येक वांगं टोपलीत टाकलं की तोच हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. शेवटचं, पानाआडचं जड वांगं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मंदाला दाखवलं. "बघ. एका रात्रीत झालं."

दुपारी आम्हाला जेवायला बोलावणं होतं. तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि ती भाजी. फार सुंदर झाली होती. गाजराचे पाय वालात गुंतले होते. वहिनींनी काकांना वाढताना विचारलं, "वांगी बरी लागतान ना तुमची?" काका म्हणाले, "माझी आहेत, बरी लागणारच." दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सुनंदाला मात्र ठसका लागला, तिला पाणी प्यायला आत जावं लागलं.

जेवण झाल्यावर काका आणि मी मागे सुपारी कातरत बसलो. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी म्हटलं, "काका, वांगी यंदा एकदम चकचकीत झाली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशात हात घालून दोऱ्यांचा एक गुंता काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा, साधा, शिवणाचा दोरा.

"माझी झाडं काटेरी वांग्याची आहेत, मास्तर. हिनं आणली ती बिनकाट्याची. घाईत बघितलं नसंल." त्यांनी सुपारीचं एक खांड कातरलं. "एवढी वर्षं दर खेपेला बॅग हिनंच भरली. लोणचं, पापड, सोडे. वरून दोरी बांधायची, गाठ ओढून बघायची. दारात उभी राहायची. एकदा पण बोलली नाय थांबा म्हणून. मी पण कधी विचारलं नाय. मला वाटायचं, हिला बरं पडत असंल."

त्यांनी गुंता परत घेतला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला.

"आज बोलली."

मग ते उठले, तांब्या भरून आणला आणि वांग्याच्या झाडाच्या बुडाशी ओतू लागले, धार न सांडता. वरच्या फांदीला एक फूल टिकून होतं. त्याच्यामागे हरभऱ्याएवढं काहीतरी हिरवं धरलं होतं.

"हे हळदीकुंकवं संपेपर्यंत होईल तयार," काका म्हणाले. "बघायला मी आहेच."